जिवंतपणी लियाव, मेल्यावर चांग

लाल कापड उलगडलं तेव्हा रस्त्यावरच्या मांडवात चौदा टेबलं भरली होती आणि आचारी डुकराच्या पायांच्या रश्शात वाढदिवसाच्या शेवया सोडत होता. कापड चांगलं दहा हात लांब होतं. ते दारावर ताणून बांधायला जावयाने, म्हणजे चेनहोंगने, थाइचोंगहून खास दोन माणसं आणली होती. त्यांनी शेवटची गाठ मारली, शिडीवरून उतरले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले. वर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, की श्री. चांग मूशान यांना ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त उदंड आयुष्य लाभो.

मांडवातली बडबड पुढच्या टेबलापासून मागच्या टेबलापर्यंत एकेक करून थांबत गेली. कुणाच्या तरी हातातल्या जेवायच्या काड्या बशीवर पडल्या, तो आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

मूशान आजोबांचं आडनाव लियाव. आमच्या शीलो गावात आणि भोवतालच्या पंचवीस वाड्यांत आम्ही झाडून सगळे लियाव. शाळेच्या दाखल्यावर लियाव, लग्नाच्या पत्रिकेवर लियाव, शेजाऱ्याने ठोकलेल्या फिर्यादीतही लियावच. आयुष्यात आमच्यावर चांग व्हायची वेळ येत नाही. ती येते थडग्याच्या दगडावर, आणि ते वाचायला आम्ही नसतो. जिवंतपणी लियाव, मेल्यावर चांग, ही सहाशे वर्षांची रीत आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली, की बाहेरून आलेल्या माणसाला ती सांगावी लागते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

चेनहोंगला कुणी सांगितली नव्हती. तो उत्तरेकडचा, जीलोंगच्या बंदरातला. लग्नाला आठ वर्षं झाली, आठही वर्षं तो सासऱ्यांबरोबर थडगी साफ करायला गेला होता. गवत त्याने उपटलं, दगड त्याने घासले, आणि प्रत्येक दगडावर त्याने चांग वाचलं. एकदा त्याने भीत भीत विचारलं, तेव्हा चुलतसासरे मूलिनकाका छाती काढून म्हणाले होते, की खरं रक्त चांगचंच, लियाव आपलं वापरायचं नाव. झालं. साध्या कामाला वापरायचं नाव आणि मोठ्या प्रसंगाला खरं, असा त्याने आपल्या मनाशी अर्थ लावला होता. आज सासऱ्यांना खूश करायची त्याला फार गरज होती. म्हणून त्याने खरं नाव घातलं होतं.

मूशान आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि बायकोकडे वळले.

"मी कधी गेलो?"

"मला विचारताय?" श्योलुआन आजी म्हणाल्या. "मला सांगून कधी कुठे गेलात?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फसकन हसलं, आणि मग हसू चौदाही टेबलांवर पसरलं. चेनहोंगला वाटलं, लोक खूश झाले. सूयुनने, त्याच्या बायकोने, त्याच्या दंडाला धरून त्याला घरच्या धंद्यातल्या सोयासॉसच्या रांजणांमागे नेलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं, तेव्हा तो मटकन एका पालथ्या रांजणावर बसला.

सूयुनला नवऱ्याचा राग आला होता, पण कापडाचा नव्हे. आजच्या दिवसाचं खरं दुखणं दुसरंच होतं. आत पाळण्यात तिचं एकोणसाठ दिवसांचं बाळ झोपलं होतं, आणि मुदतीच्या शेवटच्या, साठाव्या दिवशी, म्हणजे उद्या सोमवारी, नोंदणी कचेरीत त्याचं आडनाव लिहून द्यायचं होतं. सूयुन एकुलती एक. तिला भाऊ नाही. लग्न ठरलं तेव्हा चेनहोंगने तिच्या वडिलांना शब्द दिला होता, की होणाऱ्या मुलांपैकी एक लियाव होईल. पहिली मुलगी झाली, हान्यू, ती सहज बापाच्या आडनावाने क्वो झाली, कारण मुलीच्या आडनावासाठी कुणी भांडत नाही. आता मुलगा झाला होता. आणि चेनहोंगने, हे सूयुनला कालच कळलं होतं, आपल्या आईलाही शब्द दिला होता, की मुलगा झाला तर तो क्वोच. माणूस वाईट नव्हता. त्याला नाही म्हणता येत नसे, एवढंच. समोर जो असेल त्याला तो हो म्हणे, आणि दोन हो एकमेकांसमोर आले, की दुकानात काम आहे सांगून निघून जाई.

"बाबांना कधी सांगणार होतास?" तिने विचारलं.

"मासा वाढल्यावर."

"का?"

"मासा त्यांना आवडतो."

तोवर मांडवात मूलिनकाका उभे राहिले होते. आजोबांचे हे धाकटे भाऊ आमच्या कुलमंदिराचे चिटणीस. वंशावळीचे अकरा खंड त्यांच्या ताब्यात, आणि त्यांना बोलायला निमित्त लागत नाही. आज तर निमित्त दहा हात लांब टांगलेलं होतं. त्यांचा स्वतःचाही एक डाव होता आणि तो सगळ्या शीलोला ठाऊक होता. मूशान आजोबांच्या देव्हाऱ्यावरच्या पूर्वजांच्या पाट्यांना धूप लावायला लियाव आडनावाचा नातू उरला नाही, तर रीतीप्रमाणे भावाच्या घरचा मुलगा दत्तक घ्यायचा. काकांना चार नातू होते. त्यातला दुसरा त्यांनी या कामासाठी बाजूला काढूनच ठेवला होता. आज त्याला इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या टेबलावर बसवलं होतं.

काका म्हणाले, की घरात जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो. दोन शब्द पाऊण तास चालले. आचारी दोनदा येऊन डोकावून गेला. लियाव हे फार प्राचीन काळी एका छोट्या राज्याचं नाव होतं, तिथल्या राजाच्या वंशजाने सम्राटासाठी ड्रॅगन पाळले, त्याला आडनाव मिळालं, राज्य बुडालं आणि आडनाव तेवढं उरलं. हे सांगताना काका असे डोलत होते जणू ड्रॅगनला चारा यांनीच घातला. शब्दाच्या अर्थाबद्दल विद्वानांत एकमत नाही, काही म्हणतात उंचावरचा वारा, काही म्हणतात रितेपण. समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर लियाव चाळीस लाखांच्या वर, च्यांगशीत, हूनानात, क्वांगशीत, सछ्वानात. मलेशियात त्यांना लियु म्हणतात, व्हिएतनाममध्ये ल्येउ. बँकॉकच्या मंडळात काकांना स्वतःला हार घातला गेला होता, त्याचा फोटो त्यांनी खिशातून काढून टेबलाटेबलावर फिरवला.

मूशान आजोबा ऐकत नव्हते. त्यांच्या कानात फक्त रितेपण हा शब्द राहिला होता. चाळीस लाख, ते मनाशी म्हणाले, आणि माझ्या दाराच्या आत एक. मी गेलो की शून्य. त्यांना वाढदिवसाचं कौतुक नव्हतं. बाळ झाल्यापासून ते रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहत होते आणि कुणाला काही विचारत नव्हते, कारण विचारलं तर उत्तर येईल याची त्यांना धास्ती होती. कापडावरचं चांग वाचून लोकांना हसू आलं, तेही हसले, पण मनात आलं, की जावई चुकून खरं बोलून गेला.

काका आता मूळ पुरुषावर आले होते. फूच्येनच्या डोंगरात एक श्रीमंत लियाव होता, त्याला एकच मुलगी. चांग आडनावाचा एक हुशार तरुण त्यांच्या घरी राहून शिकवायचा, त्याला त्याने जावई करून घरी ठेवलं. सासरच्यांवर मोठा कज्जा आला, कुणी पुढे होईना, तेव्हा हा जावई उभा राहिला, वर्षानुवर्षं त्यापायी झिजला आणि त्यातच गेला. जाताना मुलाला म्हणाला, की सासऱ्यांनी मला मुलासारखं सांभाळलं, म्हणून जगशील तोवर लियाव राहा, पण मेल्यावर माझ्याकडे परत ये, चांग हो.

ही गोष्ट दुसऱ्या टेबलावर बाओचू फार लक्ष देऊन ऐकत होत्या. बाओचू म्हणजे चेनहोंगची आई. सकाळीच त्या जीलोंगहून सुक्या माशांची टोपली घेऊन आल्या होत्या, आणि आल्यापासून त्या कुणाशी सरळ शब्द बोलल्या नव्हत्या. भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या. मुलाचा सगळ्यांसमोर उद्धार झालेला त्यांना झोंबला होता. गाढव असला तरी त्याला गाढव म्हणायचा हक्क त्यांचा एकटीचा होता.

"काका, एक विचारू?" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या एवढ्या मोठ्या कुलमंदिरात तुम्ही रोज धूप लावता, तो एका घरजावयाला?"

काकांचा हात फोटोसकट हवेत राहिला.

"साधासुधा घरजावई नव्हता तो, विहीणबाई."

"घरजावई तो घरजावई. आणि त्याच्या मुलाला आईचं आडनाव मिळालं, बापाचंही मिळालं. एक जिवंतपणी, एक मेल्यावर."

"अगदी बरोबर समजलात."

"मग आपलं भांडण कशासाठी चाललंय?" बाओचूंनी काड्या खाली ठेवल्या. "माझा नातू जगेल तोवर तुमचा लियाव होऊ दे. मेल्यावर क्वो."

या खेपेला मांडवात कुणी हसलं नाही, लोक विचार करत होते. दोनतीन म्हाताऱ्यांनी तर माना डोलावल्या. मूलिनकाका मात्र लाल झाले. त्यांनी स्पष्ट केलं, की लियाव झालेला माणूस मेल्यावर चांगच होतो, त्याला क्वो होता येणार नाही, वंशावळीत तशी सोय नाही. बाओचू म्हणाल्या, की चांगांकडे सहाशे वर्षांचे मेलेले आहेत, एक कमी झाला तर त्यांना कळणारही नाही. काका म्हणाले, की प्रश्न संख्येचा नाही. बाओचू म्हणाल्या, की मग पाऊण तास चाळीस लाख चाळीस लाख कोण करत होतं. कुणीतरी मध्ये सुचवलं, की दगडाच्या पुढच्या बाजूला चांग आणि मागच्या बाजूला क्वो कोरता येईल. श्योलुआन आजी म्हणाल्या, की मी जन्माची छन, पंचावन्न वर्षं लियावच्या घरात राबले, आणि माझ्या दगडावर मी चांगांची सून असणार, मला कुणी विचारलंय का.

"ते बाळ दोन महिन्यांचंही नाही," मूशान आजोबा हळूच म्हणाले. "दूध पिऊन झोपलंय. आणि तुम्ही त्याचा दगड कोरायला बसलात."

सगळे ओशाळले. आजोबांनी बाओचूंकडे पाहिलं.

"विहीणबाई, तुम्ही मेल्यावरचंच का मागितलंत? लोक तर जिवंतपणीचं मागतात."

 बाओचूंच्या मनात उत्तर बावीस वर्षं तयार होतं, पण विचारणारा पहिल्यांदाच भेटला होता. चेनहोंग चौदा वर्षांचा असताना त्याचे वडील बोटीवर गेले आणि बोट आली नाही. काहीच आलं नाही, जोडासुद्धा नाही. टेकडीवर दगड आहे, त्याच्याखाली त्यांचा एक कोट पुरला आहे.

"जगणं ऐंशी-नव्वद वर्षांचं," त्या म्हणाल्या, "ते तुम्ही घ्या. त्याला खेळवा, शाळेत घाला, रांजण दाखवा. पण माझा माणूस तिकडे एकटा आहे. त्याच्या शेजारी त्याचं नाव लावणारं कुणीतरी असावं. मला दुसरं काही नको."

त्या रश्शाच्या वाडग्यात बघत राहिल्या. रांजणांमागून आलेला चेनहोंग मांडवाच्या कडेला उभा होता. आईने हे कधी त्याला सांगितलं नव्हतं. ती नेहमी म्हणायची, की लोक काय म्हणतील, आणि त्याने लोकांसाठी हो म्हटलं होतं. आत्ता त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"बाबा," तो सासऱ्यांपुढे येऊन म्हणाला, "मी तुम्हालाही शब्द दिला, आईलाही दिला. मी खोटारडा आहे. आज मासा वाढल्यावर सांगणार होतो."

"माशानंतर?"

"हो."

"बरं झालं आधी सांगितलंस. घास घशात अडकला असता."

 इतके दिवस ज्या उत्तराला आजोबा घाबरत होते ते आलं होतं, आणि नवल म्हणजे आता ते त्यांना स्वतःच द्यावंसं वाटत होतं. आपल्या मागे कुणी नाही याचं दुःख करणारे आपण एकटेच, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. समोरची बाई बावीस वर्षं एका कोटाला धूप लावत होती.

"मुलगा क्वो होऊ दे," ते म्हणाले. "जिवंतपणीही आणि मेल्यावरही. अर्धंमुर्धं कशाला. उद्या सही करून टाका."

बाओचूंनी तोंडावर हात ठेवला. भांडायची एवढी तयारी करून आलेल्या बाईला आता काय करावं हे सुचेना. त्या उठल्या आणि सुक्या माशांची टोपली उचलून त्यांनी आजोबांच्या पुढ्यात ठेवली.

मूलिनकाकांनी मात्र क्षण दवडला नाही. दादांचं मन किती मोठं, असं म्हणत त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्यातल्या नातवाला काखेत हात घालून उभं केलं, आणि आजच्या शुभदिवशी सगळ्यांच्या साक्षीने देव्हाऱ्याची व्यवस्था लावून टाकू, असं जाहीर केलं. नातू बारा वर्षांचा होता. त्याने विचारलं, की तो इथे राहायला आला तर त्याचा फोन कुणाकडे राहील.

तेव्हा सूयुन बोलली. सकाळपासून ती वाढत होती, उचलत होती, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची समजूत घालत होती. तिला वाटत आलं होतं, की हे भांडण नवरा, सासू, बाबा आणि काका यांचं आहे आणि आपण त्यातला रस्ता आहोत, ज्यावरून सगळे ये-जा करतात. बाबा हरले ते तिने सोसलं, पण काका उठले तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"काका, त्या मुलीचं नाव काय?"

"कुठल्या मुलीचं?"

"फूच्येनच्या लियावांची. एकुलती एक. चांग तिच्यामुळे घरात आला, लियाव तिच्यामुळे टिकलं. सगळ्या पंचवीस वाड्या तिच्या पोटातून आल्या. तिचं नाव?"

काका खाकरले. बँकॉकच्या मंडळात किती सभासद आहेत हे त्यांना पाठ होतं. त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग वंशावळ आठवली आणि म्हणाले, "तिथे 'थोरली' असं लिहिलंय."

"थोरली हे नाव झालं का?"

"त्या काळी बायकांची नावं..."

"काका, बाबांनी जे मागितलं होतं ते मुलांपैकी एक. मुलगाच हवा असं त्या दिवशी कुणीच म्हटलं नव्हतं. मला आठवतंय, चहा मीच देत होते." ती नवऱ्याकडे वळली. "हान्यूचं आडनाव बदलायला आईबापांच्या सह्या लागतात. दोघांच्या. बोल."

सगळा मांडव चेनहोंगकडे बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हो म्हणण्याआधी थोडा वेळ घेतला. आईकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "पण तिला विचारून."

हान्यू सहा वर्षांची. ती टेबलाखाली बसून वाढदिवसाचा पीच फळाच्या आकाराचा गोड पाव आतून पोखरून खात होती. तिला बाहेर काढलं. मूशान आजोबा गुडघ्यांची कुरकुर सहन करत तिच्यासमोर उकिडवे बसले. इतक्या वर्षांत त्यांनी या मुलीला खाऊ दिला, सायकल दिली, ताप आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेतलं. मात्र जी गोष्ट ते जन्मभर शोधत होते ती हीच असेल, असं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्हींमुळे त्यांचे डोळे वाहत होते.

"हान्यू, माझं आडनाव लावशील? लियाव?"

तिने पाव खाली ठेवला आणि जीलोंगच्या आजीकडे पाहिलं. "तुझं परत द्यावं लागेल?"

"ठेव की दोन्ही मनात," बाओचू म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "माझ्याकडे बाळ आहे. तो जाडा आहे, मला पुरेल."

"मग मी रोज धूप लावायचा? मोठ्या काडीने?"

"मोठ्या काडीने."

"चालेल," हान्यू म्हणाली.

पण मूलिनकाका पुढे सरसावलेच. हरलेल्या माणसाला निदान नियम तरी सांगू द्यावा, म्हणून कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी वाकून गंभीरपणे हान्यूला समजावलं, की मुली, लियाव होणं सोपं नाही, त्यात एक अट आहे, आज तू लियाव झालीस तरी मरशील तेव्हा तुला चांग व्हावं लागेल, सहाशे वर्षांत कुणी ते मोडलेलं नाही, तुला कबूल आहे का.

हान्यूने नीट विचार केला. बोटाला लागलेलं सारण चाटून घेतलं.

"ते मी तेव्हा बघीन," ती म्हणाली.

आमच्या घराण्यात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.  मूशान आजोबांना आधी खोकला आला, मग हसू, आणि ते इतकं वाढलं की त्यांना नातीच्या खांद्याचा आधार घेऊन जमिनीवरच बसावं लागलं. श्योलुआन आजींनी त्यांच्या हातात शेवयांचा वाडगा दिला. आयुष्य तुटू नये म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाने शेवया न तोडता खायच्या असतात, त्या त्यांनी तोंड भरून ओढून घेतल्या आणि मग डोळे पुसत भावाला म्हणाले, "मूलिन, बस आणि जेव. मीही तेव्हाच बघणार आहे."